पाठमोरा प्रेक्षक

आमच्या शाळेचे पीटीचे सर फुटबॉलची मॅच टीव्हीकडे पाठ करून पाहत. पाहत म्हणणं चूकच आहे म्हणा, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर एक हॉटेल आहे. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, आलुबोंडा आणि भिंतीवर टांगलेला टीव्ही. मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या की सर सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यात पुढची खुर्ची पकडत, ती गर्रकन फिरवत, आणि टीव्हीकडे पाठ, आमच्याकडे तोंड करून बसत. मॅच संपेपर्यंत जागचे हलत नसत.

"सर, पाहाचंच नाई तर घरी जा ना बाप्पा," हॉटेलवाला वैतागून म्हणायचा. "खुर्ची तरी रिकामी होईन."

"घरी गेलो तर बहिष्कार कोणाले दिसन?" सर विचारत आणि चहात टोस्ट बुडवत.

त्यांच्या समोर बसायची पाळी नेहमी माझी. मी गणिताचा मास्तर, नवीन नोकरी, लग्न व्हायचं होतं, संध्याकाळी करायला काही नाही. दर पाच मिनिटांनी सर मला विचारणार, "मास्तर, स्कोर काय?" मी सांगायचा. गोल झाला तर सांगायची गरजच नसे. आमची तोंडं पाहून त्यांना कळायचं, आणि कोणी कसा मारला असेल तेही ते ओळखत. एकदा सगळं हॉटेल गोल, गोल म्हणून नाचत असताना हे शांतपणे म्हणाले, "ऑफसाइड असन." दोन मिनिटांनी टीव्हीवर पंचांनी गोल रद्द केला. हॉटेलवाला त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला होता. सरांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त मिशीतल्या मिशीत हसले.

तर असा हा माणूस. खेळावर जीव, आणि खेळ भरवणाऱ्यांवर राग. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत एक जुना फळा होता, त्यावर ते दरवेळी मोठ्या अक्षरात लिहीत : 'यंदाचा बहिष्कार'. खाली कारण. एका वर्षी कारण होतं, मैदानासाठी गरिबांच्या झोपड्या पाडल्या. एका वर्षी, शर्यतीत पळणाऱ्या एका मुलीनं आपल्या देशातल्या सरकारबद्दल तोंड उघडलं म्हणून तिला संघातून काढलं. एका वर्षी, उद्घाटनाच्या दिवशी लोकांनी रस्त्यावर येऊन घोषणा देऊ नयेत म्हणून अर्धं शहर बंद ठेवलं. आमच्या पोरांना जगाचा भूगोल कळला तो त्या फळ्यामुळे. भूगोलाच्या बाईंना हे मान्य नव्हतं, पण ते सोडा.

मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही पांढरकवड्यात पाठ फिरवून बसता, हे त्या लोकांना कळतं तरी का?"

"नाई कळत."

"मग?"

"मले कळते ना," ते म्हणाले. "आन् पाठ दाखवाले बी छाती लागते, मास्तर."

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या छातीचं फारसं कौतुक नव्हतं. मी घरी गेलो की त्या पोह्यांची बशी हातात देत म्हणायच्या, "सगळ्या जगावर बहिष्कार टाकते हे. चाहीवर काहून नाई टाकत म्हणा? दिवसातून नऊ डाव लागते याहीले." सर पेपरातून तोंड बाहेर काढत नसत.

पत्रं लिहिण्याचा नादही होताच. जागतिक फुटबॉलच्या सायबाला थेट मराठीत पत्र जायचं. 'माननीय अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार, पत्र लिहिण्यास कारण की.' पोस्टातला बाबू पत्ता वाचून डोकं खाजवायचा. मी म्हटलं, इंग्रजीत तरी लिहा. तर म्हणाले, "आपण कायले तकलीफ घ्याची? त्याहीच्यापाशी पैसा हाये. वाचाले माणूस ठेवतीन."

आणि खरं सांगतो, शाळेतल्या शाळेत त्यांनी जे केलं, ते कुठल्या अध्यक्षाला जमलं नसतं. त्यांचा नियम होता : पहिली किक चुनावाल्याची. मैदानातले सराटे ज्यानं वेचले, चुन्याची रेघ ज्यानं ओढली, तो आधी चेंडूला पाय लावणार. मग खेळ. आमच्याकडे हे काम शिपाई दौलतमामांचं. सराट्यांचे काटे पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून मामा सकाळी सकाळी खाली बसून डबाभर वेचत.

एकदा तालुक्याच्या स्पर्धा आमच्या मैदानावर होत्या, आणि उद्घाटनाला भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी, सरांच्याच गावचे. दोघं एकाच बाकावर शिकलेले, त्यामुळे एकमेकांना पुरते ओळखून होते. भाऊंनी त्या दिवसासाठी पांढरे बूट घेतले होते. फोटोवाला गुडघ्यावर बसलेला, हेडमास्तर हात जोडून उभे, भाऊ चेंडूकडे निघाले, आणि सरांनी फुर्रकन शिट्टी मारली.

"थांबा भाऊ. फाऊल हाये. पयली किक दौलतमामाची."

हेडमास्तरांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. दौलतमामा लाजत लाजत आले, प्लास्टिकच्या चपलेनं चेंडूला लाथ मारली. चेंडू दोन हात सरकला आणि चप्पल उडून थेट स्टेजवर, भाऊंच्या सत्काराच्या शालीवर पडली. पोरांनी जी टाळ्यांची दाद दिली ती भाऊंना निमूट ऐकावी लागली. स्वतःही टाळी वाजवावी लागली. तेव्हापासून भाऊ सरांना रस्त्यात दिसले की गाडीची काच वर करत.

आता सुदामचं सांगतो. त्याच्याशिवाय या माणसाचं चित्र पुरं होणार नाही.

सुदाम सरांच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरचा. मुकुटबनच्या रस्त्याला आहे तो तांडा. बंजाऱ्यांची पन्नासेक घरं, भोवती कपाशी आणि तूर. सुदाम आमच्या शाळेचा गोलकीपर होता. बाप लहानपणीच गेलेला, घरी फक्त याडी. त्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. बारावीनंतर पोरगा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला, सळाखी बांधायला शिकला. तिथून एका एजंटानं त्याला वाळवंटातल्या एका देशात न्यायचं ठरवलं. तिकडे फुटबॉलच्या विश्वचषकासाठी मैदानं उभी राहत होती.

बातमी कळली तेव्हा सरांनी अख्ख्या शाळेत पेढे वाटले. "आपला पोट्टा वर्ल्डकपाचा ग्राउंड बांधते! आता सांगा!" एजंटाला शाळेचा दाखला पाहिजे होता, वर्तणुकीचा. सरांनी स्वतः लिहून दिला आणि हेडमास्तरांची सही आणली. मी तो वाचला होता. 'सदर युवक अत्यंत कणखर असून उन्हात न थकणारा आहे.' फळ्यावरचा बहिष्कार त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला. "यंदा समोर तोंड करून पाहाची," असं जाहीर केलं. हॉटेलवाल्यानं त्या आनंदात सगळ्यांना एकेक आलुबोंडा फुकट दिला. ते आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

तीनेक वर्षं बरी गेली. सुदामचे फोटो यायचे, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे उंचच उंच खांब. मग विश्वचषकाच्या वर्षी, उन्हाळ्यात, सरांच्या मोबाईलवर सुदामचा एक आवाजी मेसेज आला. त्यांनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि तो ऐकवला.

"सर, ग्राउंड झाला. आमचं काम सरलं. घरी जातो म्हनलं तर पासपोर्ट देत नाई. ठेकेदारानं तिजोरीत टाकून कुलूप लावलं. दुसऱ्या साइटवर चाल म्हनते. उन्हात डोयापुढं अंधारी येते सर. आमच्या खोलीत आदिलाबादकडचा एक जन होता, तो दुपारी येऊन झोपला तो उठलाच नाई. त्याले पेटीत घालून धाडलं. याडीले सांगू नका."

सर फुटबॉलमध्ये हवा भरत होते. भरतच राहिले. तो दगडासारखा टणक झाला तरी पंप चालूच.

"उन्हात न थकणारा," ते म्हणाले. "म्याच लेहून देल्लं, मास्तर."

दुसऱ्या दिवशी सुदामची याडी शाळेत आली. पोराचा आठ दिवसांपासून फोन नाही, तुम्हाला काही कळलं का म्हणून. सर तिला म्हणाले, मजेत आहे, काम जास्त आहे, म्हणून फोन नाही. या माणसाला खोटं बोलता येत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. तिनं त्यांच्या गळ्याकडे पाहिलं.

"सर, तुमी लबाड बोलून राह्यले. शिट्टी नाई आज तुमच्या गयात."

खरंच नव्हती. मी ऐकून आहे, वीस वर्षांत ती कधी उतरली नव्हती. सरांनी मग तिला सगळं ऐकवलं. ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मले पेटी नोको, सर. मार छोरा, माहा पोट्टा पायजे. जसा असन तसा. तुमीच धाडला, तुमीच आना."

आणि उठून गेली. सरांनी शिट्टी गळ्यात घातली, खडू घेतला, आणि फळ्यावर लिहिलं : 'यंदाचा बहिष्कार'. कारणाच्या जागी फक्त 'सुदाम'.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तहसील, कलेक्टर ऑफिस, पोलीस, एजंटाचं बंद पडलेलं ऑफिस. सगळे सहानुभूतीनं ऐकायचे आणि पुढच्या टेबलाकडे पाठवायचे. सरांनी दिल्लीला चार पत्रं लिहिली. जागतिक फुटबॉलच्या सायबालाही लिहिलं, मराठीतच. आणि काय सांगू, तिथून उत्तर आलं! गुळगुळीत पाकीट, आत इंग्रजी कागद : खेळाबद्दलच्या आपल्या उत्साहाबद्दल आभार. सोबत एक रंगीत स्टिकर. सरांनी ते स्टिकर दौलतमामांच्या सराट्याच्या डब्यावर चिकटवलं.

शेवटी नाक दाबून भाऊंकडे गेलो. भाऊंनी चहा पाजला, बोलले गोड.

"सर, भाएरच्या देशाचं मॅटर हाये. आपलं काय चालते तिथं? पण पाहू. आन् आयका, हिवाळ्यात ह्या मॅच हायेत ना, म्या तालुक्यात तीस फुटी पडदा लावून राह्यलो. जिल्ह्यात पयला! तुमी फुटबॉलवाले, उद्घाटनाले या बरं."

सर चहा तसाच ठेवून उठले. चहा! तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की आता भाऊंचं काही खरं नाही.

पोळ्याला त्यांनी मला गावी नेलं. सरांच्या बैलजोडीचं नाव कप्तान आणि गोल्या. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तो खांदा कोमट हळद-लोण्यानं, पळसाच्या पानानं शेकायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. सरांनी कप्तानच्या खांद्यावरचा घट्टा हळूहळू चोळला, त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग गोल्याला. मग माझ्याकडे वळले.

"पाह्यलं का मास्तर? आमच्या बापजाद्याले लेहता-वाचता येत नोतं. पण ज्याच्या खांद्यावर काम केलं, त्याचा खांदा शेकल्याबिगर सण नाई करायचा, एवढं कळे त्याहीले. आन् ते तिकडं सुटाबुटातले लोक. एवढा मोठा सण मांडला. कोणाचा खांदा शेकला त्याहीनं?"

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापुढे पोळा भरला. गावच्या सगळ्या जोड्या सजून तोरणाखाली रांगेत. तोरण तोडायचा मान भाऊंचा. तोरण तुटलं की पोळा फुटतो आणि बैल घरोघर पूजेला जातात. त्याच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचं टोमण्याचं गाणं, ज्याच्यावर मारायची त्याच्या तोंडावर मारायची, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाच्या नावानं आरोळी ठोकायची. कोणी रागवायचं नाही, ही एक रीत. आणि सरांच्या गावची दुसरी रीत अशी, की ज्याच्यावर झडती पडली त्यानं उत्तर दिल्याशिवाय तोरण तोडायचं नाही.

सर पुढे झाले. कानावर हात ठेवला आणि असा आवाज लावला की मी चमकलोच.

"वाळूमंधी बांधला ग्राउंड, चांदावानी गोल,
सळाख बांधे तांड्याचा पोट्टा, त्याचं काय मोल?
त्याचा कागद कुलपात, त्याले कोंडलं खोलीत,
आन् भाऊ आमचे पडदा लावते गावच्या गल्लीत!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" गाव गरजलं. तांड्यावरचे लोक सगळ्यात जोरात.

भाऊ हसले. त्यांच्या माणसांनी लगेच एक जुनीपुरानी सासू-सुनेची झडती म्हटली. सरांनी शिट्टी मारली. होय, पोळ्यात शिट्टी.

"हे उत्तर नोहे. आमी सुदामचं इचारलं."

भाऊंचे कार्यकर्ते एकमेकांच्या कानाला लागले. एकानं खिशातून कागद काढला, पुन्हा ठेवला. झडतीला उत्तर यमकातच पाहिजे, आणि भाऊंना भाषण येतं, यमक येत नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बैल पाय बदलायला लागले. घराघरांत बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या, पुरणपोळ्या गार होताहेत. कप्ताननं शेपूट वर केली आणि भाऊंच्या पांढऱ्या बुटांपासून वीतभर अंतरावर शेण टाकलं. पोरं मोबाईलवर सगळं टिपत होती.

गावातला एक म्हातारा शेवटी ओरडला, "भाऊ, बोला ना बाप्पा काई! बैल तिष्ठत हायेत!"

गर्दीतून सुदामची याडी पुढे आली. ती तोरणाखाली येऊन उभी राहिली, बैलांच्या रांगेत, गोल्याच्या शेजारी. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिथे त्यांच्यातला पुढारी जरा बाजूला झाला.

"आनतो," ते म्हणाले. "म्या आनतो त्या पोट्ट्याले. मॅच सुरू व्हाच्या आंदी घरी आनतो. बोला हर हर महादेव!"

सरांनी क्षणभर विचार केला.

"यमक नाई जुळलं," ते म्हणाले. "पण चालते."

आणि पोळा फुटला.

बैलांसमोर दिलेला शब्द मोडला तर आमच्याकडे माणूस तोंड दाखवू शकत नाही. तरी सरांनी धोका पत्करला नाही. तो व्हिडिओ झरी जामणीपासून यवतमाळपर्यंत मोबाईल-मोबाईलवर फिरला. त्यानंतर भाऊ कुठेही जावोत, बाजारात, लग्नात, मयतीला, कोणीतरी हात जोडून विचारणारच, "भाऊ, पोट्टा आला का?" आमच्या शाळेची पोरं त्यांची गाडी दिसली की एका सुरात ओरडायची. हे त्यांना कोणी शिकवलं ते मी सांगत नाही. भाऊ एकदा शाळेत येऊन हेडमास्तरांवर भडकले. हेडमास्तर म्हणाले, मी पोरांना तंबी देतो, आणि बोलता बोलता त्यांच्याही तोंडून निघून गेलं, "पण भाऊ, आला का तो?"

भाऊंनी मग खरंच हात-पाय हलवले. त्यांचं जे आहे ते त्यांना द्यावं. ते खासदाराकडे गेले, खासदाराचा माणूस दिल्लीला गेला, दिल्लीहून तिकडच्या वकिलातीत फोन गेले. कोणत्या फोननं कुलूप उघडलं ते देवाला ठाऊक. ते तीन महिने सरांच्या तोंडात दोनच वाक्यं होती. एक याडीला, "येते तो." दुसरं मला, "मास्तर, नाई आला तं?"

आला. मॅच सुरू होऊन चार दिवस झाले होते. नागपूरच्या बसमधून पांढरकवड्याला उतरला. स्टँडवर भाऊंनी मोठा फलक लावला होता, त्यावर भाऊंचा फोटो हातभर आणि सुदामचा पासपोर्टएवढा. हार, बँड, सगळं. सर तिथे होते. सगळ्या सत्कारभर फलकाकडे पाठ करून उभे होते. भाऊ त्यांच्याजवळ येऊन म्हणाले, "सर, आनला ना म्या? आता तरी वळा."

"चार दिवस लेट आनला," सर म्हणाले. मग हात पुढे केला. "पण आनला. मानलं तुमाले."

पोरगा ओळखू येत नव्हता. गोलकीपरची ती रुंद छाती गेली होती, डोळे खोल. याडीनं त्याच्या तोंडावरून, मानेवरून, दंडांवरून हात फिरवला, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहत, आणि मग बसस्टँडवरच मोठमोठ्यानं रडली. ती रडलेली मी तेव्हाच पाहिली.

त्या संध्याकाळी सर तांड्यावर गेले. सोबत मी, आणि हातात पितळी वाटी. वाटीत लोणी आणि हळद, खिशात पळसाची पानं. सुदामच्या अंगणात बसून त्यांनी वाटी चुलीवर कोमट केली.

"शर्ट काढ."

"काहून सर?"

"काढ म्हनलं ना."

सळाखी वाहून वाहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर काळे घट्टे पडले होते, कप्तानच्या खांद्यावर असतात तसेच. सरांनी पळसाच्या पानानं ते चोळायला सुरुवात केली. सगळा तांडा भोवती जमलेला. आधी खसखस पिकली, मग एकेक जण खाली बसत गेला. सर त्याच्या कानाशी वाकले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सुदाम लाजून हसला. "काय सर! म्या बैल हाव का?"

"नाई," सर म्हणाले. "बैलाले तरी आमी इचारतो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता. "उन्हात न थकणारा म्हनून लेहलं होतं म्या," ते पुटपुटले. "चुकलं माह्यं. माफ कर लेका." सुदामनं मागे हात करून त्यांचं मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी सुदाम आणि याडी सरांकडे जेवायला आले. काकूंनी पुरणपोळी केली होती, आणि वाढताना म्हणाल्या, "बरं झालं आला तू. आता हे घरात तरी माणसावानी बोलतीन." जेवण झाल्यावर सुदाम घुटमळत म्हणाला, "सर, आज साडेतीनची मॅच माह्या ग्राउंडवर हाये."

आम्ही हॉटेलात गेलो. भाऊंचा तीस फुटी पडदा होताच, पण सुदामला हॉटेलच बरं वाटलं. सरांनी सवयीनं पुढची खुर्ची घेतली, गर्रकन फिरवली, टीव्हीकडे पाठ करून बसले. बहिष्कार म्हणजे बहिष्कार. फळा अजून पुसला नव्हता. मॅच सुरू झाली. सुदाम उभाच होता, तोंड उघडं.

"आतून असा दिसते का," तो म्हणाला.

"म्हणजे?" मी विचारलं. "तूच बांधला ना?"

"खुर्च्या लावल्या त्या दिवसापासून आमाले आत नाई जाऊ देल्लं, सर. लोक भरल्यावर कसा दिसते ते म्या कधी पाह्यलाच नाई."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. उठले. खुर्ची उचलली, फिरवली, सुदामच्या शेजारी नेऊन ठेवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा टीव्हीकडे तोंड करून बसले.

"तुहा खांब कोणता?"

"तो नाई सर, त्याच्या मांगचा. तो पाहा, तो! गेला..."

"अरे चेंडू काय दाखवून राह्यला बे!" सर टीव्हीवर खेकसले. "वरतं दाखव ना, खांब दाखव!"

पंचेचाळीस मिनिटं, मग आणखी पंचेचाळीस. छताची तुळई कोणी चढवली, पायऱ्यांखाली किती सळाख गेली, कुठल्या कोपऱ्यात सावली यायची आणि जेवायला सगळे तिथे कसे दाटीनं बसायचे. आदिलाबादचा तो माणूस कुठल्या भिंतीवर काम करायचा. ती भिंत दिसली तेव्हा सर उभे राहिले. मग मीही राहिलो, मग हॉटेलवालाही, झारा हातात घेऊन. कॅमेरा पुढे सरकला आणि आम्ही बसलो.

मॅच संपली, बाहेर भाऊंच्या पडद्यापाशी फटाके वाजले. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, स्कोर काय?"

मला माहीत नव्हतं.